तीन कार्यक्रम, आठवड्याला एक तास आणि साडेपाचशे मुलं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही, तीन प्रश्न आहेत. थोडक्यात असं की जूनमध्ये नवीन शाळेत संगीतशिक्षिका म्हणून लागलात, पाचवी ते नववी, प्रत्येकी दोन तुकड्या, एकेका वर्गात 55 मुलं आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यातून 35 मिनिटांचा एकच तास. मुख्याध्यापिका बाईंना आषाढीला एक, दिवाळीच्या सुट्टीआधी एक आणि डिसेंबरात गॅदरिंग असे तीन कार्यक्रम हवेत, वर प्रत्येक मूल स्टेजवर दिसलं पाहिजे. पालकांना ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर, सिनेमाची गाणी हवीत. आणि तुम्ही विचारताय की गाणी कुठली घेऊ, ट्रॅक वापरू का आणि जी मुलं सुरात येतच नाहीत त्यांचं काय करू.

गाण्यांची यादी मी शेवटी करते, तुम्हीही शेवटीच करा. तुमची खरी अडचण गाणी नाहीत, वेळ आहे. आणि वेळ कमी असला की आपण काय करतो, तीन कार्यक्रम म्हणजे तीन वेगळ्या मोहिमा समजून प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करतो, मग तिन्ही अर्धवट होतात. मी मुंबईतल्याच मराठी शाळांत बरीच वर्षं हे करतेय आणि माझी पद्धत एवढीच आहे की प्रत्येक कार्यक्रमात मुलांना एकच नवी गोष्ट शिकवायची. आषाढीला नुसतं एका सुरात आणि एका लयीत गायचं, माइक नाही काही नाही. दिवाळीआधीच्या कार्यक्रमात दोन गट करून सवालजवाबासारखं गायचं. गॅदरिंगला माइक आणि मोठं स्टेज. गॅदरिंगच्या दिवशी त्यांना फक्त माइक नवीन वाटला पाहिजे, बाकी सगळं अंगवळणी पडलेलं असलं पाहिजे.

आता तास मोजा, पण कॅलेंडर समोर ठेवून. दिवाळी कधी येते यावर आपलं निम्मं वर्ष ठरतं हे नवीन शिक्षकाला कुणी सांगत नाही. 2025 ला दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच होती, म्हणजे सुट्टीनंतर गॅदरिंगला भरपूर आठवडे मिळाले. 2026 ला अधिक ज्येष्ठ आलाय त्यामुळे पुढचं सगळं लांबलं, आषाढी 25 जुलैला, गणपती 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला. म्हणजे आषाढीला चांगले पाच-सहा आठवडे मिळतात पण सुट्टी संपवून मुलं परत येईपर्यंत नोव्हेंबर संपत आलेला असतो आणि गॅदरिंग नाताळच्या आधी असेल तर हातात जेमतेम चार तास. अशा वर्षी गॅदरिंगचं गाणं दिवाळीच्या आधीच पाठ झालं पाहिजे, सुट्टीनंतर फक्त घासूनपुसून घ्यायचं. दिवाळी लवकर असेल तर घाई नको, उलट करा.

कागदावर पाच तास दिसले की मी तीनच धरते. पावसाची एखादी सुट्टी येतेच, घटक चाचणी येते, तुमचा तास गणिताच्या बाई मागून घेतात (आणि आपण देतोही), गणपतीत तर अर्धा वर्ग कोकणात गेलेला असतो तेव्हा त्या आठवड्यात नवीन काही शिकवायचंच नाही. शिवाय 35 मिनिटांतले दहा मिनिटं वर्ग बसण्यात जातात. म्हणजे एका गाण्याला प्रत्यक्षात तासा-सव्वा तासाचं गाणं मिळतं. एवढ्यात एक ध्रुवपद आणि दोन अंतरे नीट बसतात, चार अंतरे बसत नाहीत.

मग जास्तीचा वेळ कुठून आणायचा तर परिपाठातून. शाळा सुटल्यावर प्रॅक्टिस घेऊ असं बाई म्हणतील, पण तुमच्याकडे सकाळ-दुपार अधिवेशन असेल तर सुटल्यावर वर्ग दुसऱ्या अधिवेशनाला लागतो आणि मुलांच्या रिक्षा, व्हॅन खाली थांबलेल्या असतात, ते होत नाही. परिपाठ मात्र रोज आहे. प्रार्थना, राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीतही, म्हणजे शाळा रोज गातेच आहे, कुणी त्याकडे गाणं म्हणून बघत नाही एवढंच. मुख्याध्यापिका बाईंकडून एवढंच मागून घ्या की रोज एका तुकडीने पुढे येऊन गायचं. दहा तुकड्या म्हणजे दोन आठवड्यांत प्रत्येकीचा नंबर लागतो. सगळ्या शाळेसमोर उभं राहून गायची सवय झाली की स्टेजची भीती तिथेच निम्मी जाते आणि 'प्रत्येक मूल दिसलं पाहिजे' ही अटही दर पंधरवड्याला पूर्ण होते. बाईंना हे असंच समजावून सांगा, पटेल त्यांना.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीवर कुठे धरायचा ते. शाळेच्या गाण्यात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि लोकांना वाटतं मुलं बेसूर आहेत. राष्ट्रगीताचंच बघा, 52 सेकंदांचं, पण मंद्र नि (खालच्या सप्तकातला) पासून तार सा (वरच्या सप्तकातला) पर्यंत जातं. पेटीवर बसणारे सर स्वतःच्या गळ्याला सोपं म्हणून खाली पांढरी सहाला (सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला) धरतात, मग लहान मुलांचा खालचा नि ऐकूच येत नाही, ती तो शब्द नुसता बोलतात. कुणी जोशात पांढरी चारला धरलं की शेवटच्या जयघोषात सगळी किंचाळतात. काळी एक किंवा काळी दोनला धरा, तीच मुलं तुम्हाला सुरेल वाटायला लागतील. पाचवी-सहावीच्या वर्गाला मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकाच्या पांढरी दोनपर्यंत आरामात गाता येतं असं धरून चाला. गाणं निवडताना आधी त्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर काढा आणि तो या पट्ट्यात बसतोय का बघा. बसत नसेल तर ते गाणं कितीही छान असलं तरी सोडून द्या, गायकाचं गाणं आणि वर्गाचं गाणं वेगळं असतं.

पट्टी ठरवताना तबल्याचाही विचार करा कारण तुमच्याकडे एकच तबला आहे. मी दायां, म्हणजे जोडीतला सुरात लावायचा तबला, काळी एकला लावून ठेवते आणि समूहगीतं शक्यतो काळी एक, काळी तीन नाहीतर काळी चारलाच घेते. काळी एकच्या गाण्याला तो षड्ज (सा) होतो, काळी तीनला पंचम (प), काळी चारला मध्यम (म), तिन्हीकडे चालतो, मग कार्यक्रमात मध्येच हातोडी घेऊन ठोकाठोकी करत बसावं लागत नाही आणि निवेदन करणाऱ्या मुलीला तीच तीच दोन वाक्यं लांबवावी लागत नाहीत. जुलैमध्ये दमट हवेने कातडं सैल पडतं, सूर उतरतो, म्हणून आषाढीच्या दिवशी तबला खोळीतून शेवटच्या क्षणाला काढा. डिसेंबरात एसी नाट्यगृहात आणि लाइट्सखाली उलटं होतं, कातडं कोरडं पडून सूर चढतो, तेव्हा तिथे तबला तासभर आधी स्टेजवर नेऊन ठेवायचा आणि मग लावायचा. घरून लावून आणलेला तबला तिथे कामाचा नाही.

सुरात न येणाऱ्या मुलांबद्दल. 'तू नुसते ओठ हलव' हे कधीही कुणालाही म्हणू नका, गॅदरिंगच्या आदल्या दिवशीही नाही. मोठी झालेली माणसंसुद्धा ते वाक्य विसरत नाहीत, माझ्याकडे मुलाला घेऊन येणारे कितीतरी पालक मला हेच सांगतात. पाचवी-सहावीतली बहुतेक तथाकथित बेसूर मुलं खरं तर बोलण्याच्या आवाजात गात असतात, एकाच खालच्या सुरावर. त्याला पेटीचा सूर देऊन 'हा लाव' म्हणून उपयोग नाही, उलट करायचं, तो जो सूर काढतोय तो आपण पेटीवर शोधायचा आणि त्याच्याबरोबर धरायचा. आपला सूर आणि पेटीचा सूर एक झाला की पोराच्या चेहऱ्यावर कळतं, त्याने हे पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. मग तिथून एकेक पट्टी वर सरकवत न्यायचं. वर्गाच्या तासात एकेकाला दोन मिनिटं यापेक्षा जास्त देता येत नाहीत आणि सगळी मुलं वर्षभरात येतीलच असं नाही, पण बरीच येतात. तोवर अशा मुलांना मागच्या रांगेत ढकलू नका, दोन पक्क्या सुरेल मुलांच्या मध्ये उभं करा.

आठवी-नववीच्या मुलग्यांचा मामला वेगळा. त्यांचा आवाज फुटत असतो, काल लागलेला सूर आज लागत नाही, वरती गेलं की चिरकतो आणि वर्ग हसतो, म्हणून ते गायचंच बंद करतात आणि मग आपण म्हणतो मोठ्या मुलांना इंटरेस्ट नाही. त्या काळात त्यांच्या हातात चार-पाचच भरवशाचे सूर असतात. त्या चार-पाच सुरांत बसेल असं काम द्या. पोवाडा यासाठी सोन्यासारखा आहे, एक शाहीर वरती गातो (बहुतेक वेळा माझ्याकडे मुलगी असते आणि कडक गाते) आणि बाकीचे मागे झीलकरी म्हणून 'जी जी रं जी' धरतात, झील बसकी आणि दणदणीत असली तर आणखी शोभते. डफ, टाळ, ढोलकी वाजवायला हीच मुलं घ्या. नववीच्या टारगट म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुलांनी झील धरून शाळा दणाणून सोडलेली मी बघितलीय आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलं 'बाई परत कधी' विचारत स्टाफरूमच्या दाराशी होती.

आषाढीला अभंग घेणार असाल तर एक सांगते, दिंडी निघते तेव्हा सगळ्यांना टाळ हवे असतात, फोटोत छान दिसतात म्हणून पालक घरून आणूनही देतात. पन्नास टाळ एकत्र वाजले की भजनी ठेक्याच्या आठ मात्रा कुठे गेल्या ते पांडुरंगालाही कळायचं नाही. दिंडीत हवे तेवढे टाळ वाजू देत, पण गाताना लय पक्की असलेली चारच मुलं टाळ घेतील, बाकीच्यांनी तळहातावर दोन बोटांनी टाळी द्यायची. आणि सुरुवात तुम्हाला हवी त्यापेक्षा थोडी संथ करा कारण मुलांची लय कार्यक्रमात पळतेच, उत्साहाने पळते. तबलजीला आधीच सांगून ठेवा की मुलांच्या मागे धावू नकोस, त्यांना मागे खेच.

ट्रॅकबद्दल माझं मत स्पष्ट आहे पण तुमच्या शाळेत काय चालेल ते तुम्हीच ठरवा. कराओके ट्रॅक मोठ्या गायकाच्या पट्टीत असतो, तो ॲपवर दोन-तीन पट्ट्या खालीवर करता येतो, त्यापुढे तो विचित्र वाजतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, मुलं अर्धी मात्रा मागे पडली की शेवटपर्यंत मागेच राहतात, पेटीवाला माणूस मात्र सांभाळून घेतो. म्हणून गायचं गाणं पेटी-तबल्यावर आणि नाचायचं गाणं ट्रॅकवर अशी सरळ वाटणी मी करते. पालकांची सिनेमाच्या गाण्याची हौस नाचात भागते, कुणाची तक्रार येत नाही. गाऊन नाचायला मात्र लावू नका, दोन्ही बिघडतं.

गॅदरिंग कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही, आणि यावर बरंच काही अवलंबून आहे. शाळेच्या मैदानावर असेल तर समोरच्या बिल्डिंगवर आदळून आवाज परत येतो. भिंत 30 मीटरवर असली तरी जाऊन-येऊन 60 मीटर होतात, म्हणजे साधारण एक षष्ठांश सेकंद उशीर, आणि मुलं पेटी सोडून तो परत आलेला आवाज ऐकून गायला लागतात. तिथे लय तुटते, प्रॅक्टिस कमी पडली म्हणून नाही. यावर उपाय एकच, साउंडवाल्याकडून मुलांच्या बाजूला तोंड केलेला स्पीकर, म्हणजे मॉनिटर मागायचा आणि त्यात फक्त पेटी आणि तबला सोडायला सांगायचा, मुलांचा आवाज नाही, नाहीतर शिट्टी वाजते. पोलीस स्टेशनची लाउडस्पीकरची परवानगी शाळा काढतेच, तरी कुणी काढलीय ते आठवडाभर आधी विचारून घ्या, आणि रात्री दहाच्या आत उघड्यावरचे स्पीकर बंद हे लक्षात ठेवून कार्यक्रमाचा क्रम लावा, शाळांची बक्षीससमारंभाची भाषणं किती लांबतात ते तुम्हाला माहीत आहेच.

नाट्यगृह घेतलं असेल, म्हणजे मुलुंडचं कालिदास, विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, दादरचं शिवाजी मंदिर असं काही, तर तिथे सत्र ठरलेलं असतं, वेळ संपली की पुढच्या नाटकाचं सामान दारात उभं असतं. साउंड चेकला वीस मिनिटं मिळाली तरी नशीब समजा. त्यामुळे माइक कुठे ते कागदावर काढून न्या. पन्नास मुलांना सात-आठ हातातले माइक वाटू नका, तेवढी आठच मुलं ऐकू येतात आणि त्यातही एक खोकत असतो. दोन कंडेन्सर माइक (लांबूनही आवाज पकडणारे) स्टँडवर, पहिल्या रांगेपासून दोन-तीन फूट पुढे आणि मागच्या रांगेच्या डोक्यापेक्षा थोडे वर, एवढे पुरतात. दोन माइकमधलं अंतर माइक आणि मुलांमधल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, जवळ ठेवले तर एकच आवाज दोन्हीकडून जातो आणि पोकळ येतो. साउंडवाला म्हणेल चालतं हो मॅडम. नाही चालत.

आणि तुकड्या चढवण्या-उतरवण्यात वेळ फार जातो. 55 मुलं विंगेतून येऊन उभी राहीपर्यंत तीन-चार मिनिटं जातात, दहा तुकड्यांना ते परवडत नाही. इयत्तेच्या दोन्ही तुकड्या एकत्र करा म्हणजे दहाऐवजी पाचच गाणी, एक तुकडी स्टेजवर आणि दुसरी खाली स्टेजसमोर किंवा पॅसेजमध्ये उभी. इथेच दिवाळीआधी शिकवलेलं दोन गटांचं गाणं उपयोगी पडतं, वरची तुकडी ओळ टाकते आणि खालची उचलते. प्रेक्षकांच्या मधून आवाज आला की पालकांनाही मजा येते. चांगलं गाणाऱ्या वीस-पंचवीस मुलांचा वेगळा गायनवृंद करायचा असेल तर जरूर करा, पण तो या पाच गाण्यांशिवाय, यांच्याऐवजी नाही.

व्हिडिओचा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण तो येणारच. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनीच एखादं गाणं सादर केलं आणि समोर शाळेतलेच लोक आणि पालक असले तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये त्याला सूट आहे. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं किंवा तेच गाणं शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकलं तर ती सूट धरून चालू नका, आणि ट्रॅक वापरला असेल तर यूट्यूब आपोआप क्लेम पाठवतं. शिवाय मुलांचे चेहरे आहेत, पालकांची लेखी संमती जूनमध्येच प्रवेशाच्या कागदांबरोबर घेतलेली बरी, डिसेंबरात साडेपाचशे सह्या गोळा करायला कुणालाच वेळ नसतो.

आता गाण्यांबद्दल बोलू पण त्याआधी मला तीन गोष्टी लिहून कळवा. गॅदरिंग मैदानावर आहे की नाट्यगृहात आणि कुठल्या तारखेला, नववीत मुलगे किती आणि मुली किती, आणि तबला कोण वाजवणार, शाळेतलं मूल की बाहेरून कुणी. तबलजी बाहेरचा असेल तर तो प्रॅक्टिसला किती वेळा येणार ते आजच ठरवून घ्या, आदल्या दिवशी येऊन एकदाच बसतो म्हणणारा असेल तर आठवीतल्या एखाद्या मुलाला आत्तापासून केरवा आणि दादरा हे दोन ताल शिकवायला लागा.